हेलिकोनियाला फ्रीज नको
हेलिकोनिया, म्हणजे चोचीसारख्या रंगीत तुऱ्यांचं उष्ण प्रदेशातलं फूल, सकाळी लवकर कापावं आणि रात्री फ्रीजमध्ये ठेवलं तर जास्त टिकतं, असा सल्ला वाचला. गुलाबाला ते चालतं. हेलिकोनिया आणि अँथुरियमला अजिबात नाही. तापमान साधारण १२-१३ अंशांच्या खाली गेलं की या फुलांना थंडी बाधते. रंगीत सहपत्रांच्या (पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या पानांच्या) कडा आधी डागाळतात, मग काळ्या पडतात, आणि बाहेर काढल्यावर ते काही भरून येत नाही. सावलीची, वारा न लागणारी जागा पुरे.

सकाळी लवकर कापावं हे मात्र पटलं. पण हेलिकोनिया दांड्यातून पाणी फारसं ओढत नाही, म्हणून नुसतं फुलदाणीतलं पाणी बदलून भागत नाही. कापल्यावर अख्खा तुरा अर्धा तास साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. सहपत्रांच्या खोबणीत साचलेला कुजका गाळ निघतो, मुंग्याही वर तरंगून येतात (आणि त्या असतातच!). अर्धवट मिटलेला तुरा घरी उमलेल म्हणून कापाल तर फसाल, तो तसाच राहतो. दांडा थेट बुंध्याशी कापा. एकदा फुललेल्या खोडाला पुन्हा फूल येत नाही, नव्या फुटव्यांना जागा तरी होते.