नकाशात आमचं शिवार हिरवं, मग विहिरीवर खार कुठून?

आडातला बेडूक:
परवा आमच्या तालुक्याचा नकाशा हाती आला. भूजल कुठे लवकर नासेल ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत दाखवलंय. औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं आमचं शिवार हिरव्यात! इकडे ठिबकच्या नळ्यांवर पांढरा खार बसतोय आणि डाळीला कुकरच्या शिट्ट्या वाढल्यात.

पद्धत 'ड्रास्टिक', अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, १९८७ ची. पाण्याची खोली, पुनर्भरण, खडक, माती, उतार, पाण्याच्या पातळीवरचा कोरडा थर आणि खडकातून पाणी वाहण्याची क्षमता, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे, वजनाने गुणायचे, बेरीज करायची. वाळूच्या मुलखात ठीक असेल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. इथे पाणी सांध्याभेगांतून पळतं. शेजारच्या दोन विहिरींची चव जुळत नाही, तिथे अख्ख्या खडकाला एकच गुण? माझं मत सरळ आहे: नकाशांचे पैसे विहिरी तपासण्यात घाला.

मुरूम:
असहमत. ड्रास्टिक प्रदूषकाकडे बघतच नाही. वर रंगाचा कारखाना आहे की देवराई, त्याला घेणंदेणं नाही. वरून पडलेली घाण जमीन कितपत अडवेल, एवढंच ते सांगतं. हिरवा म्हणजे 'पाणी चांगलं' असं कुणी सांगितलं? त्या नकाशावर कारखाने, नाले, जुने कचरा डेपो मांडायचे, तेव्हा कुठे धोका कळतो. ते कुणी केलं नसेल तर दोष करणाऱ्याचा. शिवाय ही पद्धत शंभर एकरांहून लहान तुकड्यासाठी नाहीच. तुमची एक विहीर त्यात दिसणार कशी?

आणि विहीर तपासली की झालेलं नुकसान कळतं. नवी वसाहत कुठे वसवायची हे ठरवताना काय तपासाल? पाणी तर तेव्हा चांगलंच असणार.

आडातला बेडूक:
जागा निवडायला नकाशा हवा, हे मान्य. पण त्या कोरड्या थराला पाचचं, म्हणजे सर्वांत जास्त वजन आहे ना? आमच्याकडे मुरूम संपला की केसिंग (बोअरमधला पाइप) थांबवतात, बाहेरची फट भरतच नाहीत. नाल्याचं पाणी केसिंगच्या कडेने सरळ खालच्या भेगेत. म्हणजे तो थर बोअरवाल्याने अर्ध्या दिवसात निकामी केला. शिवारात अशा किती बोअर आहेत, ते कुठल्या रकान्यात धरलंय?

मुरूम:
हा मुद्दा बिनतोड. धरलेलं नाही.

चौथा मजला:
शहरातलं सांगते. आमच्या सोसायटीचे सचिव बोअरच्या पाण्यात टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) पेन बुडवतात, ४८० आलं की 'फर्स्ट क्लास!' ते पेन पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं. क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. त्याच्या दहापट असलं तरी आकडा हलल्याचं कळणार नाही. आणि शहरात कारखान्याआधी गटार बघा. त्यातून येणारं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं.

वजाबाकी:
२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ८८ औद्योगिक समूहांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यातले ४३ अतिप्रदूषित निघाले. आपले पाच: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर. हवा, पाणी, जमीन सगळं मिळून एक आकडा. विहीरवाल्याने तो चाटायचा का?

मुरूम:
त्याच आकड्यावरून २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या काही काळ थांबल्या होत्या. एकट्या विहिरीच्या रिपोर्टवर एवढं झालेलं दाखवा.

वजाबाकी:
पुढे एकेक करून ती बंदी उठलीही. असो.

चौथा मजला:
बेडूकराव, वसाहतीच्या वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाच्या तीन विहिरी घ्या. मेमध्ये एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली लागते, ती लॅबकडूनच आणा. वरची विहीर चुकवू नका. तुलनेला तीच नसेल तर खार मुळातला की कारखान्याचा, हा वाद मिटणार नाही.

आडातला बेडूक:
खालच्या तीन जमतील. वरच्या अंगाला एकच विहीर आहे, चुलत्यांची. बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे. आईला पाठवून बघतो.