सापेली सागवानाची जागा घेईल का?

दादा, कपाटाच्या पल्ल्यांना सापेली लाकडाचं व्हिनियर (वर चिकटवायचा पातळ लाकडी पापुद्रा) लावू का असं तुम्ही विचारलंय, आणि वर एकांनी ‘सागवानासारखंच आहे, बिनधास्त लावा’ असं सांगितलंय. पल्ल्यांना जरूर लावा, पण सागवानासारखं ते नाही.

सापेली पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं झाड, महोगनीच्या कुळातलं. रंग तांबूस तपकिरी, ताजं कापलं की देवदारासारखा वास येतो. खोडातल्या रेषा थराथराने उलटसुलट पिळलेल्या असतात. त्यामुळे खोड चौथाई करून, गाभ्यापासून सालीकडे कापलं की पट्ट्यापट्ट्यांची झळाळी दिसते. पॉलिश केलेल्या पल्ल्यासमोरून चालत गेलात तर गडद पट्टा फिका होतो, फिका गडद. फार देखणं लाकूड! पण याच पिळामुळे भरीव फळीवर रंधा मारताना रेषा उचकटतात. सुताराला पातं धारदार ठेवून हलका हात मारायला सांगा.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. ओल लागली की लोखंडाशेजारी यावर निळे-काळे डाग पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात साधे खिळे नकोतच, पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू घ्या.

चौकट, पाय आणि जमिनीला टेकणारा भाग मात्र सागाचाच करा. वाळवीपुढे सापेलीचा तितका भरवसा नाही. बल्लारशाच्या लाकूड डेपोत आलापल्लीच्या जंगलातला साग मिळत असताना पायासाठी आफ्रिकेकडे कशाला बघायचं? पल्ल्यांना व्हिनियर, बाकी साग. मी तरी असंच करीन.