फार्साइडचा 'लॅबकॅबिनकॅलिफोर्निया' फक्त मलाच एवढा भारी वाटतो का?

अर्धवटराव_पुणे:
मंडळी, रविवारी कट्ट्यावर वाद झाला आणि मी चारात एकटा पडलो, म्हणून इथे टाकतोय. विषय फार्साइड, म्हणजे लॉस एंजेलिसच्या चार पोरांचा रॅप ग्रुप, त्यांचा दुसरा अल्बम, लॅबकॅबिनकॅलिफोर्निया, नोव्हेंबर १९९५. बाकी तिघांचं म्हणणं एकच, फार्साइड म्हणजे पहिला अल्बम, १९९२ चा बिझार राइड, 'पासिन मी बाय' ऐकलं की विषय संपला, दुसऱ्यात पोरं सुतकी झाली आणि मजा गेली. एक जण तर म्हणाला 'रनिन' सोडलं तर एक गाणं लक्षात राहत नाही. मला हे पटतच नाहीये राव. मी दोन्ही अल्बम एकाच महिन्यात पहिल्यांदा ऐकलेत, माझा जन्मच ९६ चा, त्यामुळे 'आमच्या वेळी' वगैरे भानगड माझ्याकडे नाही, आणि तरी मी दहापैकी आठ वेळा लॅबकॅबिनच लावतो. रात्री घरी येताना, पाऊस असेल तर हमखास. पहिला ऐकताना वाटतं चार हुशार कार्टी वर्गात मागच्या बाकावर दंगा करतायत, दुसरा ऐकताना वाटतं त्याच कार्ट्यांना आता नोकरी लागलीय आणि साहेब हरामखोर निघालाय. मला दुसरं जवळचं वाटतं, का ते विचारू नका.

तर सांगा, हा अल्बम खरंच अंडररेटेड आहे की मी उगाच एकाची बाजू घेऊन बसलोय?

कॅसेटवाला_काका:
अर्धवटराव, तुमच्या मित्रांच्या जागी मी होतो, तेव्हा माझी कबुली ऐका. ९५ साली मी अमेरिकेत शिकत होतो, खिशात पैसे नसायचे, महिन्याला एक सीडी एवढीच ऐपत. बिझार राइड मी अक्षरशः झिजवला होता. त्या अल्बमचं संगीत करणाऱ्या जे-स्विफ्टचा तो पियानो, मधली टवाळी, आयांवरून चिडवाचिडवीचं ते गाणं, सगळं पाठ. दुसरा आला तसा धावत जाऊन घेतला, रूमवर येऊन लावला आणि तोंड कडू झालं. जे-स्विफ्ट नाही, विनोद नाही, आवाज सगळे थकलेले. तीन आठवड्यांत जुन्या सीड्यांच्या दुकानात नेऊन विकला, चार डॉलर आले असतील. मग दोनेक वर्षांनी तोच अल्बम परत विकत घेतला, आणि आजपर्यंत घरात आहे. बायको अजून हसते यावर.

पण तेव्हा तो का चालला नाही हे समजून घ्या. त्याच्या बरोब्बर आठवडाभर आधी, ७ नोव्हेंबरला, एकाच दिवशी दोन तगडे रॅप अल्बम आलेले, जिझाचा लिक्विड स्वोर्ड्स आणि गुडी मॉबचा सोल फूड. त्या वर्षी मॉब डीपचा इन्फेमस येऊन गेलेला, रेक्वॉन येऊन गेलेला. वरून रॅपवाल्यांत ईस्ट कोस्ट (न्यूयॉर्क) विरुद्ध वेस्ट कोस्ट (लॉस एंजेलिस) भांडण पेटलेलं, जो तो विचारणार तू कुणाचा. आणि ही चार पोरं लॉस एंजेलिसची असून ना गँगस्टा, ना पार्टीवाली, आवाज ऐकाल तर अर्धा न्यूयॉर्कचा. ज्याला अंधार हवा होता त्याला त्याहून गडद अंधार मिळत होता, ज्याला हसायचं होतं त्याच्याकडे पहिला अल्बम होता. ह्यांना घ्यायचं कुणी?

गंमत म्हणजे बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, दुसरा पहिल्यापेक्षा वर गेला होता, ३७ पर्यंत. पहिला ७५. तरी गोल्ड (पाच लाख प्रती) झाला तो पहिलाच. म्हणजे लोकांनी माझ्यासारखंच केलं, पहिल्या आठवड्यात धावत जाऊन घेतला आणि मग बाजूला ठेवला.

डग्गा_आणि_डेडलाइन (ठाणे):
ड्रमबद्दल कुणी काहीच बोललं नाही अजून?? अहो तोच तर मुद्दा आहे.

मी लहानपणी आठ वर्षं तबला शिकलोय, पुढे सोडला, आता आयटीत आहे, तरी कान तसाच राहिलाय. ह्या अल्बमचं पहिलंच गाणं 'बुलशिट' हेडफोनवर लावा आणि फक्त किककडे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याकडे, लक्ष द्या. ती जिथे यायला हवी तिथे येत नाही. कधी घाईत, कधी मागे रेंगाळते, जसं काही वाजवणाऱ्याला झोप लागतेय आणि तरी तो समेवर नीट येतोय. ड्रम मशीनमध्ये क्वांटाइझ नावाची सोय असते, तुमचं बोट थोडं पुढेमागे पडलं तरी मशीन ठोका ओढून रेषेवर बसवतं. ह्या पोराने ते बंद ठेवून बोटाने वाजवलं तसंच राहू दिलं. हे पोरगं म्हणजे जे डी, डेट्रॉइटचा, ज्याला आपण पुढे जे डिला म्हणून ओळखतो. तेव्हा वय वर्षं एकवीस! अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट ह्या रॅप ग्रुपच्या क्यू-टिपने त्याची फार्साइडशी गाठ घालून दिली.

द रूट्स ह्या हिप-हॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्हने हा किस्सा कितीदा तरी सांगितलाय, फार्साइडच्या आधी रूट्सचा कार्यक्रम झाला, तो निघाला होता, आणि आतून ह्याच गाण्याची किक ऐकू आली. हा माणूस आयुष्यभर घड्याळासारखा नेमका वाजवायला धडपडत होता आणि इथे कुणीतरी मुद्दाम पिऊन वाजवल्यासारखं वाजवतंय. तिथून त्याचं डोकंच फिरलं. पुढचं सगळं निओ-सोल, म्हणजे हिप-हॉपच्या ठेक्यावरचं सोल संगीत, गायक डिअँजेलो वगैरे, त्याची मुळं इथे सापडतात.

आमचे गुरुजी म्हणायचे ठेका सरळ धर पण खिळा ठोकल्यासारखा धरू नकोस. मला तेव्हा कळलं नव्हतं, 'बुलशिट' ऐकून कळलं (गाण्याचं नाव गुरुजींना सांगता येणार नाही ही वेगळी अडचण).

वाकड्यात_शिरणारा:
आलोच.

काका आणि डग्गासाहेब दोघांचा आदर ठेवून बोलतो, तुम्ही दोघांनी मिळून माझाच मुद्दा सिद्ध केलाय. ह्या अल्बमवर कुणी बोलायला लागला की पाच मिनिटांत गाडी डिलावर येते. सतरा ट्रॅक, त्यात डिलाने बीट (मागचं संगीत) केलेले सहा. 'बुलशिट', 'स्प्लॅटिटोरियम', 'समथिन दॅट मीन्स समथिन', 'ड्रॉप', 'रनिन', 'वाय'. हे सहा काढा आणि उरलेलं लावून दाखवा कट्ट्यावर. 'हसल' मला आजपर्यंत शेवटपर्यंत ऐकता आलं नाही. मध्ये अल्बम असा बसतो की चहा करून आलं तरी चालतं.

आणि अंडररेटेड कशावरून? ९६ मध्ये असेल. २००६ च्या फेब्रुवारीत डिला गेला, त्याचा डोनट्स हा अल्बम आला ७ तारखेला, त्याच्याच वाढदिवशी, आणि तीन दिवसांत माणूस संपला, बत्तीस वर्षांचा. वाईट झालं, मी पण रडलोय. पण तेव्हापासून त्याने हात लावलेली प्रत्येक गोष्ट देव्हाऱ्यात गेलीय. त्याचं एमपीसी, म्हणजे बीट बनवायचं मशीन, तर खरोखरच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. लॅबकॅबिन आता अंडररेटेड नाही, त्याला मागच्या दाराने मोठेपण मिळालंय.

खरा दुर्लक्षित पाहिजे तर डे ला सोल ह्या रॅप ग्रुपचा स्टेक्स इज हाय घ्या. २ जुलै १९९६, त्याच दिवशी रॅपर नासचा इट वॉज रिटन आला आणि ह्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. शीर्षकगीताचा बीट कुणाचा? डिलाचाच! वरून डे ला सोलचे जुने अल्बम हक्कांच्या भांडणात अडकून मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हते, अख्ख्या पिढीने ऐकलेच नाहीत. त्याला म्हणतात दुर्लक्ष.

अर्धवटराव_पुणे:
वाकडेभाऊ, स्टेक्स इज हाय मला पण आवडतो, पण त्याच्यासाठी वेगळा धागा काढ की. आणि 'हसल' वगळता... बरं 'हसल'चं सोड, 'डेव्हिल म्युझिक' डिलाचं नाहीये, 'मोमेंट इन टाइम' डिलाचं नाहीये, 'ग्रुपी थेरपी'चा बीट डायमंड डी ह्या दुसऱ्याच निर्मात्याचा आहे. ही तीन तू भरती म्हणून काढणार?

@डग्गा, तुम्ही म्हणताय ती म्हणजे आड लय का? यूट्यूबवर कुणीतरी तसं म्हणत होतं.

डग्गा_आणि_डेडलाइन (ठाणे):
नाही नाही, आड लय म्हणजे हिशोब. दोन मात्रांच्या जागेत तीन बसवायच्या, दीडपट, ते कागदावर लिहिता येतं. डिलाचं कागदावर लिहिता येत नाही. हे जास्त करून ठुमरीच्या साथीला एखादा मुरलेला तबलजी लग्गीत जो झोल देतो ना, बोल तेच पण डग्ग्याची घिस्सा किंचित उशिरा, तसलं काहीतरी. शेजारी बसून ऐकल्याशिवाय येत नाही. यूट्यूबवाल्यांना आपलं काहीतरी शास्त्रीय नाव चिकटवायचंच असतं.

संत्र्याची_साल (नागपूर):
अख्खा धागा वाचला. चार पुरुष, सगळे ड्रमवर बोलतायत, आणि माइकसमोर जे चार जण उभे आहेत त्यांचं काय? ते काय बोलतायत ते ऐकलं का कुणी?

वाकडेदादांचा 'सहा काढा' वाला हिशोबच चुकीचा आहे. बीट डिलाचा असेल पण 'रनिन' लक्षात राहतं ते त्यातल्या गोष्टीमुळे. शाळेत मार खाणारा, भांडण दिसलं की पळणारा मुलगा, तो मोठा होऊन सांगतोय की आता पळून उपयोग नाही. ९५ मध्ये, जेव्हा प्रत्येक रॅपर मी किती खतरनाक हे सांगत होता, तेव्हा हे म्हणतायत मी घाबरट होतो. ह्याला हिंमत लागते! आणि एक गंमत, त्याच्यातली गिटार आहे ब्राझीलच्या लुइझ बोंफाची, सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबरच्या १९६३ च्या रेकॉर्डवरची, मूळ ब्राझिलियन गाण्याचं नाव 'सौदादे वेम कोरेंदो', म्हणजे हुरहूर धावत येते. नावातच धावणं आहे. डिलाला पोर्तुगीज येत होती की योगायोग, देव जाणे.

आणि 'डेव्हिल म्युझिक' ऐका ना एकदा शब्दांसाठी. मी स्टुडिओत जीव ओततो पण ज्या टेपवर तो उतरतो ती टेपसुद्धा माझ्या मालकीची नाही, अशा अर्थाचं म्हणतात. आज सगळे कलाकार मास्टर्सच्या, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या, हक्कावर बोलतात, ह्यांनी तेव्हा बोलून ठेवलंय. मी स्वतः भाषांतराची कामं करते, नाव कुणाचं लागतं ते विचारू नका, त्यामुळे ते गाणं मला जरा जास्तच लागतं.

हे मुळात नाचणारे हो. चौघांतले इमानी, स्लिमकिड, बूटी ब्राऊन टीव्हीवर डान्सर म्हणून दिसायचे, इन लिव्हिंग कलरमध्ये वगैरे. म्हणून अंगात लय होती आणि म्हणून त्या झोल खाणाऱ्या बीटवर ते पडत नाहीत. दुसरा कुणी असता तर 'बुलशिट'वर तोंडघशी पडला असता. डिलाचं कौतुक करताना एवढं तरी म्हणा.

कॅसेटवाला_काका:
साल, शंभर टक्के. आणि सुतकी म्हणणाऱ्यांना हेही सांगा की ते सुतक खरं होतं, ग्रुप आतून फाटत होता. ह्या अल्बमनंतर चौथा गडी फॅटलिप बाहेर पडला, पुढचा अल्बम २००० मध्ये त्याच्याशिवाय आला. मला आता तो थकवा ऐकू येतो आणि तोच आवडतो. पंचविशीत मला तो कंटाळा वाटला होता.

पण विनोद गेला म्हणणं चूक. तो व्हिडिओत गेला! 'ड्रॉप'चा व्हिडिओ बघा, दिग्दर्शक स्पाइक जोन्झचा. अख्खं गाणं उलटं चित्रित केलंय. ह्या चौघांनी आपले शब्द उलटे पाठ केले, त्यासाठी एका भाषातज्ज्ञाला बसवून उलटे उच्चार लिहून घेतले, मग उलटं चालत, उलट्या उड्या मारत शूट केलं आणि फिल्म उलटी फिरवली. त्यामुळे ते सुलटं गातात पण अंग भलतंच काहीतरी करतं. संगणकाची करामत नाही, नुसती मेहनत. माझ्या पोराला दाखवला, तो म्हणाला बाबा हे कुठलं फिल्टर आहे. काय सांगणार कपाळ.

वाकड्यात_शिरणारा:
'ड्रॉप'च्या व्हिडिओवर वाद नाही, तो निर्विवाद आहे.

साल ताईंचा नाचणाऱ्यांचा मुद्दा मी आधी विचारात घेतला नव्हता, मान्य. आत्ता ऑफिसात 'बुलशिट' परत लावलं, पहिल्या कडव्यात रॅप करणारा किकच्या मागे मागे जातो, बरोबर आहे, किक शोधत बसत नाही. आणि बूटी ब्राऊन म्हणजे तोच ना, गोरिलाझ बँडच्या 'डर्टी हॅरी' गाण्यातला? दहा वर्षांनी पण तसाच चपखल बसतो.

तरी सतरा ट्रॅक जास्त आहेत ह्यावर मी ठाम. चौदाचा असता तर आज हा धागा निघाला नसता. अर्धवटराव, तू असं कर, कट्ट्यावर 'रनिन'ने सुरुवात करू नकोस, ते सगळ्यांनी ऐकलंय. 'बुलशिट' लाव, मग 'डेव्हिल म्युझिक', मग सरळ 'ड्रॉप' व्हिडिओसकट. 'हसल' गाळ.

अर्धवटराव_पुणे:
'हसल' गाळतो. 'इट्स ऑल गुड' पण गाळतो एकवेळ, तुझ्या समाधानासाठी. रविवारी लावतो आणि इथे येऊन सांगतो कोण काय म्हणालं.

संत्र्याची_साल (नागपूर):
'मोमेंट इन टाइम' गाळलंत तर नागपूरहून येईन.