प्रशिक्षण आहे, पद नाही : अभिलेखागारातल्या माणसांनी करायचे काय?

जीर्णपत्र :
गेल्या आठवड्यात 'नवी वाट' यांनी येथे एक टिपण लिहिले. अभिलेखागारे, ग्रंथसंग्रहालये आणि वस्तुसंग्रहालये यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या संधी आज पूर्वी कधी नव्हत्या इतक्या आहेत, पण आपली माणसे अर्जच करत नाहीत आणि निधी नसल्याची तक्रार मात्र वर्षानुवर्षे करत राहतात, असा त्याचा सारांश होता. त्यातली माहिती बरोबर आहे. तक्रारीबद्दलचे वाक्य मात्र, फोर्टमधल्या एका विश्वस्त संस्थेच्या दुरुस्ती विभागात उमेदीची सगळी वर्षे काढल्यामुळे, मला निमूटपणे वाचून सोडून देता येत नाही.

संधी कोणत्या आहेत, ते आधीच मान्य करतो. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराची शाळा अभिलेखशास्त्राची एक वर्षाची पदविका देते आणि काही आठवड्यांचे लघु अभ्यासक्रमही घेते. लखनौला १९७६ पासून संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. चार्ल्स वॉलेस न्यास १९८१ पासून भारतीयांना ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी मदत करतो. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या अभिलेखांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून अनुदाने देतो आणि त्यात मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत. आता यांपैकी कोणत्या दारातून आमच्या मेंडरबाई, म्हणजे फाटके कागद हाताने दुरुस्त करणाऱ्या बाई, आत जाऊ शकतात, ते मला कोणीतरी सांगावे.

वाळवीने चाळण केलेले खातेवहीचे पान त्या टिपकागदावर उतरवतात, फाटक्या कडा ब्रशच्या टोकाने जुळवतात, गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवून, दोनदा गाळून, पार पातळ करून पानावर जपानी टिश्यू, म्हणजे अगदी पातळ पण चिवट कागद, चढवतात. जुलै-ऑगस्टमध्ये ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते आणि दाबाखाली ठेवलेले पान वाळता वाळत नाही, त्यामुळे टिपकागद किती वेळाने बदलायचे हे बाई घड्याळावर न ठरवता पानाला हात लावून ठरवतात. हे सगळे त्या एका जुन्या बाइंडरकडून शिकल्या. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे आहे आणि नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची, मध्ये खंड देऊन. शिष्यवृत्तीचा अर्ज पदवी मागतो, इंग्रजीतले उद्दिष्टपत्र मागतो आणि संस्थेचे ना-हरकत पत्र मागतो. ज्या माणसाची नोकरीच पुढल्या वर्षी असेल की नाही याची खात्री नाही, तो एक वर्षाची रजा कोणाकडे मागणार? आणि शिकून परत आला तर कोणत्या पदावर बसणार?

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रशिक्षण व्यक्तीला मिळते, निधी प्रकल्पाला मिळतो आणि या दोहोंच्या मध्ये जे पद असायला हवे ते कोणीच देत नाही. तोवर अर्ज न करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे आहे.

नवी वाट :
आपला संताप समजू शकतो, पण निष्कर्ष पटत नाही. अशा दोन निवड समित्यांवर मी काम केले आहे आणि मराठी संस्थांकडून येणारे अर्ज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबादची माणसे अर्ज करतात. त्यांच्याकडेही पदांचा सुकाळ नाही.

शिवाय नोकरी म्हणजे सरकारी आकृतिबंधातले पद, ही समजूत आता सोडली पाहिजे. रिझर्व्ह बँकेचे अभिलेखागार पुण्यात १९८१ मध्ये सुरू झाले, टाटांचे मध्यवर्ती अभिलेखागारही तेथेच आहे, विक्रोळीला गोदरेज अभिलेखागार २००६ पासून काम करते आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५ मध्ये मुंबईत चित्रपट जतनाची पहिली कार्यशाळा घेतली, त्यानंतर ती वेगवेगळ्या शहरांत होत राहिली आणि तेथे शिकलेली मुले आज या क्षेत्रात काम करताना दिसतात. यांपैकी कोणीही पदनिर्मितीच्या शासन निर्णयाची वाट पाहत बसले नव्हते.

निधीचेही तेच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले आणि त्या कामांच्या यादीत वारसा आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी महापालिका, वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले आणि २००८ मध्ये ते पुन्हा दिमाखात उघडले. नीट आराखडा घेऊन गेलेल्याला पैसा मिळतो. ज्या संस्थेकडे स्वतःच्या संग्रहाची पूर्ण यादीही नाही, तिला कोणती कंपनी पैसे देईल?

सहागठ्ठा :
मी सरकारी अभिलेख कक्षातून निवृत्त झालो आहे. 'नवी वाट' यांची सगळी उदाहरणे कंपन्यांची किंवा मोठ्या आश्रयदात्यांची आहेत. आमच्या दप्तरांना आश्रयदाता कोण?

केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे आणि पुढे महाराष्ट्राने स्वतःचा कायदाही केला. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अभिलेख निर्माण करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आपला एक अधिकारी अभिलेख अधिकारी म्हणून नेमायचा असतो. आमच्याकडे व्यवहारात हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून एखाद्या अव्वल कारकुनाच्या गळ्यात पडते, आणि तो कारकूनही बहुधा साहेबांच्या मर्जीतून उतरलेला असतो. दप्तरखान्यात बदली म्हणजे शिक्षा, हे मी नोकरीला लागलो तेव्हा ऐकले आणि निवृत्त झालो तेव्हाही ऐकले. अशा माणसाला तुम्ही दिल्लीला पाठवा की लंडनला. तो परतल्यावर पहिल्या संधीला दुसऱ्या विभागात बदली मागणार. कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठा पद्धत आणि कागद किती काळ जपायचा त्यावरून ठरणारे अ, ब, क, ड वर्गीकरण नीट समजावून सांगणारा माणूस जेव्हा कार्यालयात राहत नाही, तेव्हा 'अ' वर्गातले कायम जतन करायचे कागद 'ड' च्या गठ्ठ्यात जातात आणि रद्दीत निघतात.

या सगळ्यावरचा रामबाण उपाय म्हणून आता प्रत्येक साहेब स्कॅनिंगचे नाव घेतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, त्यानंतर तर हा शब्द मंत्रासारखा झाला. पानामागे इतके पैसे या दराने कंत्राट निघते, मुले येतात, यंत्रे येतात, निधी संपतो, आणि दप्तर बांधणारा, सोडणारा, त्याची फेरिस्त, म्हणजे यादी, करणारा माणूस मात्र त्या पैशातून एकही उभा राहत नाही. प्रशिक्षणाचा पैसा कोठे गेला, असे विचाराल तर तो तेथे गेला.

पिक्सेल :
मी स्कॅनिंगचेच काम करतो, त्यामुळे मला उत्तर देणे भाग आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात तळमजल्यावरची किती कपाटे बुडाली, हे मुंबईत राहणाऱ्या कोणाला सांगायला नको. ज्या कागदाची प्रत नव्हती, तो गेला. मेंडरच्या हाताखालून दिवसाकाठी किती पाने जातात आणि आमच्या यंत्राखालून किती, याचा हिशेब मांडा आणि मगच बोला. माझ्याकडे काम करणारी मुले डोंबिवली आणि विरारहून येतात, त्यांना महिन्याचा पगार वेळेवर मिळतो, आणि यातली दोघे आता मोठ्या संस्थांत डिजिटल संग्रह सांभाळत आहेत. व्यावसायिक संधी म्हणतात ती हीच. तिला रामबाण म्हणून हिणवण्यापेक्षा तुमच्या कक्षात पावसाळ्यात आर्द्रता मोजण्याचे साधे यंत्र होते का, ते सांगा.

कागदवैद्य :
मी कोणत्याही संस्थेत नोकरीला नाही. बोलावणे येईल तेथे जाऊन कागद आणि हस्तलिखिते दुरुस्त करते. 'पिक्सेल' यांनी वेगाचा हिशेब मांडायला सांगितले आहे, म्हणून एका संस्थेतला अनुभव सांगते. संस्थेचे नाव घेणार नाही.

मला तेथे बोलावले ते स्कॅनिंग झाल्यानंतर. जाड, कातडी पाठीच्या नोंदवह्या होत्या. पाने एकामागून एक यंत्रात सरकवता यावीत म्हणून त्या कंत्राटदाराने वह्यांच्या पाठी कटरने सरळ कापल्या होत्या. त्याबरोबर शिवण गेली आणि आतल्या समासात कारकुनांनी लिहिलेल्या बारीक नोंदीही गेल्या. सुटी पाने रबर लावून खोक्यात भरलेली होती आणि रबर पानांना चिकटले होते. पडद्यावर मात्र प्रतिमा स्वच्छ दिसत होत्या, त्यामुळे अहवालात काम उत्तम झाल्याचे लिहिलेले होते. ती पाने सोडवण्यासाठी माझ्यासमोर ठेवलेली रक्कम स्कॅनिंगवर झालेल्या खर्चाच्या मानाने नगण्य होती आणि शेवटी तीही मंजूर झाली नाही.

वेग हा या कामाचा निकष होऊच शकत नाही. मोडी कागदांचे तर विचारूच नका. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. ते सगळे उद्या पडद्यावर आले तरी रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, नेमके काय आहे, हे मोडी वाचून सूचीत उतरवणारी माणसे नसतील तर ती प्रतिमा शोधणार कशी? पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेते आणि त्यांना लोक हौसेने येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते शिकून पोट भरेल अशी कामे निघत नाहीत, म्हणून बहुतेक जण पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात.

पिक्सेल :
एका नालायक कंत्राटदारावरून संपूर्ण व्यवसायाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला मान्य नाही, आणि ते या धाग्यावर फार सहज चालले आहे. आम्ही वरून छायाचित्र घेणारी यंत्रे वापरतो, वहीला आधार देणारा पाळणा वापरतो, पाठ कापत नाही. पण ते महाग पडते, आणि निविदा सर्वांत कमी दराला जाते. आता मला सांगा, ती निविदा कोणी लिहिली? पाठ कापू नये, पान सपाट दाबू नये, नाजूक पाने आधी संवर्धकाकडे जावीत, या अटी तीत का नव्हत्या? निविदेवर सही करणारा माणूस कंत्राटदाराकडचा नव्हता, संस्थेचा होता. आधी आपले घर सावरा.

सहागठ्ठा :
बोलण्याची पद्धत मला रुचली नाही, पण मुद्दा खरा आहे आणि तो नाकारता येणार नाही. निविदेच्या अटी लिहिणाऱ्याला अभिलेखांचे काही कळत नव्हते, कारण त्याला कोणी शिकवलेच नव्हते. ज्याला कळत होते तो वर्ग तीनचा कर्मचारी होता आणि त्याला त्या बैठकीला बोलावण्याची पद्धत नव्हती. आर्द्रता मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नव्हते. मागणीपत्र होते.

नवी वाट :
मग हेच तर मी म्हणत होतो, की शिकलेला माणूस संस्थेत असेल तर लाखोंचे काम वाया जात नाही. एवढे मान्य करतो, की माझ्या टिपणात मी सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकला आणि त्याला सोडणाऱ्या, न सोडणाऱ्या विश्वस्तांबद्दल एक अक्षर लिहिले नाही. तरीही पद निर्माण होईपर्यंत शिकायचेच नाही, ही भूमिका आत्मघाताची आहे.

जीर्णपत्र :
शिकायचे नाही असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझे वाक्य पुन्हा वाचावे.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे काम उत्तमच झाले आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण कंपन्यांचा पैसा इमारतीकडे का वळतो, याचाही विचार व्हावा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक इमारती, स्थळे आणि कलाकृती यांचा स्पष्ट उल्लेख आहे, सार्वजनिक ग्रंथालयांचाही आहे; अभिलेखागारांचा नावाने नाही. राष्ट्रीय वारसा या व्यापक शब्दांत ते बसवता येते, हे कंपनीच्या अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. इमारतीवर पाटी लागते आणि उद्घाटन होते. कपाटातल्या पाचशे दुरुस्त पानांचे उद्घाटन कोणी करत नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. संवर्धनाच्या किंवा स्कॅनिंगच्या प्रत्येक अनुदानात एका माणसाच्या किमान तीन वर्षांच्या वेतनाची तरतूद सक्तीची असावी. प्रशिक्षकाने दिल्लीहून मुंबईला यावे आणि आमच्याच टेबलावर, आमच्याच पावसाळ्यात, मराठीतून शिकवावे. हाताने काम करणाऱ्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे पदवीच्या रकान्यापाशी अर्ज अडणार नाही. आमच्या मेंडरबाईंच्या करारपत्रावर अजून 'मदतनीस' असे लिहिलेले असते. ते 'कागद संवर्धन साहाय्यक' असे व्हावे म्हणून मी विश्वस्तांना पत्र देतो आहे. 'नवी वाट' यांनी निवड समितीच्या अनुभवाच्या आधारे त्याला पाठिंब्याचे पत्र जोडावे.

नवी वाट :
पत्र देतो. माझी अट एकच, पदनाम बदलो वा न बदलो, पुढच्या लघु अभ्यासक्रमाला बाईंचा अर्ज गेलाच पाहिजे. उद्दिष्टपत्राचे इंग्रजी मी करून देईन.

कागदवैद्य :
निविदेत संवर्धनाच्या कोणत्या अटी असाव्यात, त्याचा मराठी मसुदा मी करते. 'पिक्सेल' यांनी यंत्रांचा आणि दरांचा भाग लिहावा. भांडण नंतर चालू ठेवू.

सहागठ्ठा :
विश्वस्त संस्थेतल्या एका टेबलाचा प्रश्न यातून कदाचित सुटेल. सरकारी अभिलेख कक्षांबद्दल मात्र वरच्या कोणत्याही प्रस्तावात काहीही नाही. तेथे पत्र कोणाला द्यायचे, तर सामान्य प्रशासन विभागाला आणि वित्त विभागाला, आणि मागायचे काय, तर अभिलेखपालाचे स्वतंत्र पद, अतिरिक्त कार्यभार नव्हे. तो मसुदा मी लिहून येथे टाकतो. सेवेत असलेल्यांना त्यावर सह्या करता येणार नाहीत, निवृत्तांनी कराव्यात.