टॉकीजच्या जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका – माझं म्हणणं आणि तुमचं मत

वर्धाकाठचा:
आमच्या तालुक्याच्या गावची टॉकीज पाडायला घेतली आहे. मालकाच्या घरच्यांनी मॅनेजरच्या खोलीतली एक लोखंडी पेटी वाचनालयाला दिली. आत घडी घातलेली पोस्टरं, बाहेरच्या काचेत लावायचे फोटोसेट, गाण्यांची पुस्तकं आणि तिकिटांची बुकं आहेत. बैठकीत जवळजवळ ठरलं की सगळं झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून भिंतीवर लावायचं. माझा याला विरोध आहे.

लॅमिनेशनमध्ये गरम रोलरखाली प्लास्टिकचा गोंद वितळून कागदात मुरतो. तो पुन्हा निघत नाही. आणि हा कागद आधीच आजारी आहे. स्वस्त लगद्याचा, तुरटीवर तयार झालेला कागद स्वतःच आम्ल तयार करतो. आधी पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. उष्णतेने हे वेगाने होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो.

याला पर्याय म्हणजे कॅप्सूल पद्धत. पारदर्शक पॉलिएस्टरच्या दोन फिल्ममध्ये कागद मोकळा ठेवायचा आणि जोड फक्त कडेला द्यायचा. कागदाला काहीच चिकटत नाही, कड कापली की तो जसाच्या तसा बाहेर येतो. पण यातही एक मेख आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अभ्यासात दिसलं, की आम्ल न काढता चारही बाजू बंद केल्या तर कागद जास्त लवकर खराब होतो, कारण आम्ल आतच कोंडतं. म्हणून दोन बाजू उघड्या ठेवाव्यात आणि मागे आम्ल शोषणारा क्षारयुक्त कागद घालावा.

पेटीतलं एक गाण्याचं पुस्तक सांगतो. फिकट गुलाबी पातळ कागद, मधोमध दोन पिना. दोन्ही गंजल्यात आणि गंजाने भोवतीचा कागद खाल्लाय. मागच्या कोऱ्या पानावर टॉकीजचा जांभळा शिक्का, खाली शाईने खेळाच्या वेळा आणि ‘बाजाराच्या दिवशी ज्यादा खेळ’. हा मजकूर जगात दुसऱ्या कुठल्या प्रतीवर नसेल. हे मी रोलरखाली जाऊ देणार नाही.

जुना ऑपरेटर:
भाऊ, तुमचं वाचलं. पण मी तीस वर्षं मशीन चालवली, मलेही थोडं बोलू द्या. ही पोस्टरं आम्हीच भिंतीले लावत होतो. गव्हाच्या पिठाची खळ, त्यात मोरचूद, म्हणजे किडा लागत नाई. पोस्टर भिंतीसाठीच होतं. आठ दिवसांनी त्याच्यावर दुसरं चढे. आता तुम्ही सांगून राहिले का हात लावू नका, पिशवीत ठेवा, दोन बाजू उघड्या ठेवा. उघड्या बाजूनं उधई जाईन ना! वाचनालयाचं छप्पर पावसाळ्यात गळते, हे तुमालेही माहीत हाय. लॅमिनेशन केलं तर वीस वर्षं तरी गावची पोरं पाहतीन. पेटीत शंभर वर्षं राहून कोन पाहते?

वणीची ग्रंथपाल:
काका, उधईचा मुद्दा खरा आहे, पण लॅमिनेशननेही ती थांबत नाही. कड जरा उकलली की आत शिरते. पेटी जमिनीला आणि भिंतीला टेकू न देणं, पायांवर ठेवणं, महिन्यातून एकदा उघडून बघणं, याचा उपयोग जास्त होतो. आणि भिंतीवरचं ऊन विसरू नका. उन्हात लाल-पिवळा रंग आधी उडतो, निळाच उरतो. पानठेल्यावरचं जुनं पोस्टर निळसर झालेलं तुम्ही पाहिलं असेलच.

एके काळी लॅमिनेशन तज्ज्ञांनाही योग्य वाटत होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचा पापुद्रा ॲसिटोन या द्रावकाने कागदावर बसवायची हातपद्धत तयार झाली. यंत्र नको, उष्णता नको, म्हणून ती सोयीची होती. पण ॲसिटेट स्वतःच कालांतराने कुजतं. काका, जुन्या रिळाच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, तो फिल्मच्या ॲसिटेटचाच. काढता येणार नाही असं काही कागदावर करायचं नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

मुलांना दाखवायचं तर चांगलं स्कॅन करा, मोठी प्रिंट काढा आणि ती प्रिंट खुशाल लॅमिनेट करून भिंतीला लावा.

अमरावतीचा संग्राहक:
मी तुम्हा तिघांशीही सहमत नाही. गळक्या छपराच्या वाचनालयात या वस्तू ठेवणंच चूक आहे. अमेरिकेत सीजीसीसारख्या कंपन्या 2000 सालापासून कॉमिक्स तपासून, 10 पैकी गुण देऊन कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून देतात. आता सिनेमाच्या 11 बाय 14 इंची लॉबी कार्डांनाही, म्हणजे टॉकीजच्या काचेत लावायच्या छापील चित्रांनाही, तशी पेटी मिळते. वस्तू अस्सल आहे आणि कुणी रंगरंगोटी केलेली नाही, याची खात्री मिळते. तुमच्या लोखंडी पेटीतले चांगले नग असे बंद करून विकले तर वाचनालयाला नवं छप्पर घालता येईल. कागदाला किंमत आली की लोक जपतात. किंमत नव्हती म्हणूनच गावोगावच्या टॉकीजची पोस्टरं रद्दीत गेली.

वर्धाकाठचा:
रद्दीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण गाण्याचं पुस्तक कडक पेटीत घातलं की त्याचं कव्हर तेवढं दिसतं. आतली गाणी आणि कथासार वाचायचं तर पेटी फोडावी लागते. शिवाय असे गुण देताना लिखाण, शिक्के, घड्या बहुधा दोष धरतात. म्हणजे आमच्या टॉकीजचा जांभळा शिक्का त्या हिशेबात डाग ठरेल. आमच्यासाठी तर सगळं मोल त्या शिक्क्यातच आहे. शिक्का नसलेली प्रत मुंबईतही मिळेल.

अमरावतीचा संग्राहक:
भावना समजते. पण शिक्का वाचायला तरी कागद उरला पाहिजे. तुमच्या उघड्या बाजूंच्या कप्प्यापेक्षा माझी पेटी पावसात जास्त टिकेल, या मतावर मी ठाम आहे.

वडशाचा झाडीपट्टीवाला:
थोडं वेगळं बोलतो. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की नाटकांचे रंगीत फलक गावोगावी लागतात. हंगाम संपला की सारे जातात, कोणी एक प्रतही ठेवत नाही. सिनेमाचं निदान पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासून. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, 1931 चा. त्याची एकही प्रिंट आज सापडत नाही. तो कसा होता हे आपण फोटो आणि छापील कागदांवरूनच सांगतो. म्हणून माझं मत असं, की दुर्मीळ ते पुण्याला द्या, गावात स्कॅन ठेवा.

जुना ऑपरेटर:
पुण्याले काहून? टॉकीज आमची, शिक्का आमचा. पुण्याले गेलं का माह्या गावचा मानूस पाहायले जाणार हाय का?

वणीची ग्रंथपाल:
इथे मी काकांच्या बाजूने. दुसरीकडे नसलेलं एखादं पोस्टर निघालं तर पुण्याला जरूर विचारा. पण शिक्क्याची पुस्तकं आणि तिकिटं गावातच राहू द्या. कप्पे घेताना मऊ, उग्र वासाचं पीव्हीसी घेऊ नका, ते शाईला चिकटतं. पॉलिएस्टर मिळालं नाही तर पॉलिप्रॉपिलीन चालेल. हाताने रंगवलेलं किंवा रंगाचे पापुद्रे सुटणारं काही असेल तर ते पॉलिएस्टरमध्ये घालू नका, फिल्मच्या स्थिर विजेने रंग ओढला जातो. आणि जांभळ्या शिक्क्याजवळ पाणी बिलकुल नको, ती शाई फुटते.

वर्धाकाठचा:
ताई, गंजलेल्या पिना कशा काढायच्या? ओढल्या तर पान फाटतं.

वणीची ग्रंथपाल:
ओढायच्या नाहीत. पुस्तक मधोमध उघडा. पिनेच्या वळलेल्या टोकांखाली पॉलिएस्टरची बारीक पट्टी सरकवा, म्हणजे कागदाला इजा होत नाही. मग बोथट सुरीने टोकं एकेक करून सरळ करा, पुस्तक पालथं करून बाहेरून पीन हळू उचला. गंजाची भुकटी मऊ ब्रशने झटका. मग त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. पहिलं पुस्तक सगळ्यात फाटकं घ्या, हात बसला की गुलाबीवालं.

जुना ऑपरेटर:
दोरा मी ओवून देतो. रिळ जोडणारा हात हाय, थरथरत नाई. पन भिंतीवर मोठी प्रिंट लागलीच पायजे, ते सोडणार नाई मी.