मदत हवी आहे: आईच्या सीटी मायलोग्रामनंतर घरी काय काळजी घ्यावी?

माझ्या ७२ वर्षांच्या आईला कंबरेपासून पायापर्यंत कळा येतात. तिचा पेसमेकर जुन्या बनावटीचा असल्याने एमआरआयऐवजी सीटी मायलोग्राम सांगितला आहे. कंबरेत सुई घालून मणक्यातील पाण्यात आयोडीनयुक्त औषध सोडतात, टेबल तिरके करून ते पसरू देतात आणि मग स्कॅन काढतात, एवढे डॉक्टरांनी समजावले. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे हृदयरोगतज्ज्ञ पाहतील.

माझी काळजी नंतरच्या दोन दिवसांची आहे. डोके उंच ठेवून पडून राहावे व भरपूर पाणी प्यावे, असे रुग्णालयाने सांगितले. शेजारच्या काकू मात्र उशीच घेऊ नये म्हणतात (त्यांना सिझेरियनच्या वेळी कंबरेतून भूल दिली होती, ती गोष्ट बहुधा वेगळी). ज्यांनी किंवा ज्यांच्या घरी कोणी ही तपासणी करून घेतली आहे, त्यांना उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी झाली का, ती किती दिवस टिकली आणि कोणत्या टप्प्यावर आपण डॉक्टरांना फोन केलात, हे कृपया सांगावे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्याच संध्याकाळी तिला जिना चढवावा, की ती रात्र तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे काढावी?