आरए फॅक्टर निगेटिव्ह, तरीही आमवात असू शकतो का?

प्रश्न:
माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही हातांची बोटे दोनेक महिन्यांपासून सुजत आहेत. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही, मग हळूहळू हात मोकळा होतो. रक्तचाचणीत आरए फॅक्टर (आमवातात बहुधा सापडणारा रक्तातला घटक) निगेटिव्ह आल्यामुळे हा आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) नव्हेच, असे घरी सर्वांनी धरून चालले आहे. केवळ लक्षणे पाहून आणि हात तपासून डॉक्टरांना काही ठरवता येते का?

प्रतिसाद १:
पुष्कळ काही ठरवता येते, आणि माझ्या मते निदानाची खरी सुरुवात तिथूनच व्हायला हवी. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो आणि वापराने दुखणे वाढते. आमवातासारख्या दाहजन्य संधिवातात मात्र विश्रांतीनंतर सांधे आखडतात आणि हालचालीने सैल होतात. आमवाताची सूज सांध्याच्या आतल्या अस्तराला येते, त्यामुळे ती बोटांना मऊ, लिबलिबीत लागते, तर झिजेत हाडाचा टणक उंचवटा हाताला लागतो. बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, तसेच मनगटे सुजलेली असून नखाजवळचे सांधे सुजेतून सुटलेले असतील, तर आमवाताची शंका बळावते. त्या मुळाच्या सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबल्यावर दुखते का, हेही डॉक्टर पाहतात. २०१० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-निकषांत १० पैकी ६ गुण लागतात आणि त्यांतले ५ पर्यंत गुण एकट्या सांध्यांच्या सहभागाला आहेत. आरए फॅक्टर आमवाताच्या सर्वच रुग्णांत सापडत नाही. उलट काही निरोगी माणसांतही तो आढळतो.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. मात्र नखांवर बारीक खड्डे, त्वचेवर खवलेदार चट्टे किंवा एखादे बोट अख्खेच सुजलेले दिसल्यास सोरायसिसच्या संधिवाताचा विचार करावा लागतो. त्यात नखाजवळचे सांधेही सापडतात आणि आरए फॅक्टर सहसा निगेटिव्ह असतो. सूज सुरू होण्याआधी चिकुनगुन्यासारखा ताप येऊन गेला होता का, हे जरूर सांगा.

प्रश्नकर्ती:
ताप आला नव्हता आणि नखेही स्वच्छ आहेत. सूज बोटांच्या मुळाशी व मनगटांवर आहे.

प्रतिसाद १:
मग कृपया थांबू नका. सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली अशी सूज संधिवाततज्ज्ञांनीच पाहिली पाहिजे, कारण आमवातात दाहामुळे होणारी हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतही सुरू होऊ शकते. भेटीपूर्वी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. सूज तात्पुरती उतरते आणि तपासायला नेमकी खूणच उरत नाही. अँटी-सीसीपी ही आमवाताची आणखी एक रक्तचाचणी, तसेच दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या तज्ज्ञ सांगतीलच. तोवर सुजलेल्या हातांची सकाळची छायाचित्रे काढून ठेवा.